शिक्के वाढवून कागद खरा होत नाही

"आपल्याकडे बनावट पदव्यांचा आणि खोट्या दाखल्यांचा सुळसुळाट आहे. म्हणून परदेशी जाणाऱ्याच्या कागदावर आधी नोटरी, मग राज्याचे मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय आणि गरज पडेल तिथे त्या देशाची वकिलात, असे ओळीने शिक्के हवेतच. चार जणांच्या नजरेखालून गेले की खोटे गळून पडते. त्रास होतो हे मान्य, पण त्या त्रासामुळेच आपल्या कागदाची बाहेर पत आहे." हा युक्तिवाद सरकारी कचेरीत ऐकू येतो, एजंटाच्या टेबलावर ऐकू येतो आणि परदेशात बस्तान बसलेल्या आपल्याच सुशिक्षित मंडळींकडून तर फारच ठामपणे ऐकू येतो. तो बोलायला सोपा आहे आणि ऐकणाऱ्याला पटतोही. पण तो मुळापासून चुकीचा आहे. या साखळीने खोटे कागद अडत नाहीत, खरे कागद मात्र अडतात. ज्यांचे अडतात ते बहुतेक करून आवाज नसलेले लोक आहेत, म्हणून या युक्तिवादाला आजवर कोणी नीट उत्तर दिलेले नाही.

सगळे सोपस्कार पार पडलेली एखादी पदवी हातात घेऊन उलटून पाहा. नोटरीचा गोल शिक्का, शेजारी तिकीट, खाली सही. त्याखाली राज्य शासनाच्या अधिकाऱ्याचा शिक्का. मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिलचा चौकोनी स्टिकर, त्यावर क्रमांक घातलेले दहा मुद्दे: कोणत्या देशाचा कागद, सही कोणाची, सही करणाऱ्याचा हुद्दा काय, शिक्का कोणाचा, कुठे आणि कोणत्या तारखेला प्रमाणित केला, कोणी, कोणत्या क्रमांकाने, आणि शेवटी शिक्का व सही. हे दहाही मुद्दे सावकाश वाचा. या पदवीधराने परीक्षा दिली, तो उत्तीर्ण झाला, विद्यापीठाच्या दप्तरी त्याची नोंद आहे, यातले एक अक्षरही त्यात सापडणार नाही. ते तिथे नसतेच. ५ ऑक्टोबर १९६१ च्या ज्या हेग करारातून अपोस्टिल जन्माला आले, त्याच्या पाचव्या कलमात ते काय सिद्ध करते हे स्पष्ट लिहिले आहे: सही खरी आहे, सही करणाऱ्याचा हुद्दा खरा आहे आणि शिक्का त्याच कार्यालयाचा आहे. आमचे परराष्ट्र मंत्रालयही कागदातल्या मजकुराची जबाबदारी आपण घेत नाही, असे उघड सांगते.

म्हणजे "चार जणांच्या नजरेखालून जाते" हे विधानच खोटे आहे. नोटरी समोर ठेवलेली मूळ प्रत पाहतो. राज्याचा अधिकारी खालची सही आणि शिक्का पाहतो. परराष्ट्र मंत्रालय राज्याच्या त्या नेमलेल्या अधिकाऱ्याची सही आपल्याकडच्या नमुना सहीशी ताडून पाहते. वकिलात परराष्ट्र मंत्रालयाची सही पाहते. प्रत्येक जण आधीच्याची सही तपासतो. मजकूर तपासण्याचे काम साखळीत कुठे असलेच तर ते पहिल्या पायरीवर असायला हवे, आणि नेमकी तीच पायरी सर्वांत कच्ची आहे. पहिल्या पायरीवर खोटा कागद शिरला की पुढचा प्रत्येक शिक्का त्याला अधिक खरा भासवतो. सामान्य माणसाला, परदेशातल्या मालकाला, कधीकधी तिथल्या कारकुनालाही वाटते, भारत सरकारने ही पदवी तपासली आहे. हा गैरसमज हेच बनावट कागद विकणाऱ्याचे भांडवल आहे. शिक्के जितके जास्त, तितके त्याचे भांडवल मोठे.

कोणाला ही अतिशयोक्ती वाटत असेल तर त्याने दिल्लीच्या वाटेकडे पाहावे. राज्याच्या मंत्रालयातून कागद लवकर निघत नसेल तर एजंट एक जवळचा रस्ता सांगतात: कागद दिल्लीला पाठवायचा, तिथल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा शिक्का घ्यायचा आणि तिथूनच पुढे परराष्ट्र मंत्रालयात सरकवायचा. या धंद्यात हे सर्वांना ठाऊक आहे आणि दरपत्रकात त्याचा वेगळा, स्वस्त दर असतो. आता कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची पदवी खरी की खोटी हे दिल्लीतल्या दंडाधिकाऱ्याला कशावरून कळणार? त्याच्याकडे ना विद्यापीठाच्या कुलसचिवांच्या सहीचा नमुना, ना निकालाचे दप्तर. तरीही त्या शिक्क्यावर पुढचे अपोस्टिल उभे राहते आणि ते कायद्याने पूर्ण वैध असते. शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी या एका वाटेचे समर्थन करून दाखवावे. ते करता येत नसेल, तर राज्याचा शिक्का हवाच का, याचे उत्तर द्यावे.

आता 'पत' या शब्दाकडे वळतो, कारण सगळा भावनिक जोर तिथेच असतो. भारत २००४ साली हेग करारात सामील झाला आणि १४ जुलै २००५ पासून तो आपल्याला लागू झाला. त्या वेळी जर्मनीने भारताच्या प्रवेशाला आक्षेप नोंदवला, त्यामुळे त्या देशाशी आपले अपोस्टिल चालले नाही. जर्मन वकिलातीने भारतीय कागदांवर शिक्का मारणेही थांबवले आणि जन्म, विवाह यांसारख्या नोंदींसाठी मूळ नोंदवहीपर्यंत माणूस पाठवून पडताळणी करण्याची पद्धत घेतली. यातून काय शिकायचे? आपल्याकडे शिक्क्यांची कमतरता होती म्हणून जर्मनीने अविश्वास दाखवला नाही. शिक्के भरपूर होते. ते मजकुराबद्दल काही सांगत नाहीत हे तिथल्या अधिकाऱ्यांना नीट कळले होते, आणि म्हणून त्यांनी थेट मूळ दप्तर गाठले. शिक्क्यांनी पत मिळते म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर मी देऊ शकत नाही.

याच्या उलटचे उदाहरण घरातलेच आहे. २०२१ साली कोट्यवधी भारतीयांना कोविडच्या लसीचे प्रमाणपत्र मिळाले. कोपऱ्यात क्यूआर कोड, तो स्कॅन केला की मूळ नोंद खरी की खोटी हे लगेच कळायचे. ब्रिटनने सुरुवातीला खळखळ केली, ऑक्टोबरात ते मान्य केले. त्या प्रमाणपत्रावर ना नोटरी होता, ना मंत्रालयाचा शिक्का. ते घेऊन लोक जगभर फिरले. ज्या देशाला हे काही महिन्यांत जमले, त्याला विद्यापीठाच्या पदवीसाठी ते अशक्य आहे असे कोणी सांगू नये.

दुसरा बचाव असा केला जातो: "परदेशी सरकारेच मागतात, आपण काय करणार?" हे अर्धसत्य आहे आणि अर्धसत्य म्हणूनच जास्त घातक. हेग कराराच्या सभासद देशांना, आणि ते आता सव्वाशेच्या आसपास आहेत, जर्मनीसारखा आक्षेप नोंदवलेला नसेल तर अपोस्टिलव्यतिरिक्त दुसरे प्रमाणन मागण्याचा अधिकारच नाही. हा करार झाला तोच मुळी शिक्क्यांची साखळी मोडण्यासाठी. त्याच्या नावातच परदेशी सार्वजनिक कागदांच्या प्रमाणनाची अट रद्द करण्याची भाषा आहे. अपोस्टिल देण्याआधी देशांतर्गत किती पायऱ्या असाव्यात हे करार सांगत नाही, ते ज्या त्या देशाने ठरवायचे. हा करार तयार करणाऱ्या हेग परिषदेची स्वतःची मार्गदर्शक पुस्तिका तर अशा बहुपायरी पद्धती टाळा आणि एकाच पायरीत काम करा असे सुचवते. नोटरी, मग मंत्रालय, मग परराष्ट्र मंत्रालय ही रांग आपण लावली आहे, आपण ती मोडू शकतो. तिचे खापर परक्याच्या माथी फोडणे प्रामाणिकपणाचे नाही.

युरोपने तर याच्याही पुढे पाऊल टाकले. १६ फेब्रुवारी २०१९ पासून युरोपीय संघातल्या देशांनी आपापसांत जन्म, मृत्यू, विवाह, निवास यांसारख्या दाखल्यांना अपोस्टिलचीही गरज ठेवलेली नाही. सोबत बहुभाषिक नमुना जोडला की भाषांतराचा खर्चही बहुतेक वेळा वाचतो. शंका आली तर एका देशाचे कार्यालय दुसऱ्या देशाच्या कार्यालयाला थेट विचारते. ज्यांनी अपोस्टिलची कल्पना काढली, त्यांनीच आपसात ते मागे टाकले, आणि आम्ही त्याच्या आधीच्या पायऱ्यांना कवटाळून बसलो आहोत.

आखाताची गोष्ट वेगळी आहे हे मला मान्य आहे. ओमान, बहारीन आणि २०२२ च्या डिसेंबरापासून सौदी अरेबिया हे हेग करारात आहेत. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत नाहीत. तिथे जाणाऱ्याच्या कागदावर वकिलातीचा शिक्का आणि पुढे तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का लागतो, तो भारत सरकारला एकतर्फी बंद करता येणार नाही. पण नेमकी याच देशांत आपली सर्वांत जास्त कष्टकरी माणसे आहेत. एकट्या अमिरातीत तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात. २०२२ साली त्या देशाशी व्यापार करार झाला, मालाच्या आयात-निर्यातीतले अडथळे दूर व्हावेत म्हणून मोठी मेहनत घेतली गेली. माणसाच्या कागदांसाठीही तेवढाच आग्रह धरायला हवा, अशी मागणी किती खासदारांनी लावून धरली? रत्नागिरी, खेड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या कितीतरी घरांचा गाडा आखातातल्या पगारावर चालतो. तिथल्या लोकप्रतिनिधींचा तरी हा पहिला प्रश्न असायला हवा.

तिथल्याच एका मुलाचा प्रसंग मी फार जवळून पाहिला आहे. आयटीआय झालेला, फिटरची नोकरी मिळालेला एक मुलगा फोर्टमधल्या एका एजंटाकडे आला होता, सोबत त्याचे मामा. त्याने पिशवीतून प्रमाणपत्रे काढली, सगळी लॅमिनेट केलेली. शाळेतल्या सरांनीच सांगितले होते, पावसाळ्यात कागद खराब होतो, लॅमिनेशन करून घ्या. कोकणातल्या घरात तो सल्ला शहाणपणाचाच होता. टेबलामागच्या माणसाने ती हातात घेतली आणि म्हणाला, "यावर शिक्का बसत नाही, प्लास्टिक काढावं लागेल." मुलगा विचारत होता, "काढताना फाटलं तर?" उत्तर आले, "मग दुसरी प्रत काढायची." दुसरी प्रत म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा आयटीआयच्या गावी फेरी, आणि तिकडे व्हिसाची मुदत संपत आलेली. मामांनी कडेला घडी घालून ठेवलेले पैसे पुन्हा एकदा मोजले. तो मुलगा खरा होता, त्याचे प्रमाणपत्र खरे होते, त्याचे हातही कामाचे होते. या सगळ्या व्यवस्थेत त्याच्या खरेपणाची परीक्षा कोणीच घेत नव्हते. घेतली जात होती ती प्लास्टिकखालच्या कागदाची.

यावर ठरलेले उत्तर येते: "एजंट आहेत ना, पैसे दिले की होते." परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची फी अनेक वर्षे एका कागदाला ५० रुपये राहिली, साध्या प्रमाणनाला तर काहीच नाही. एजंटाच्या हातून जाताना तीच गोष्ट काही हजारांची होते. मधला फरक जातो प्रवासाला, रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला, आणि कोणत्या खिडकीवर कोण बसते या माहितीला. ही माहिती गुप्त असण्याचे काहीही कारण नाही. नागरिकाला परराष्ट्र मंत्रालयात स्वतः कागद देता येत नाही, नेमलेल्या सेवा संस्थांमार्फतच द्यावा लागतो. दिल्लीबाहेर, मुंबईतही हे काम होऊ लागले ही चांगली सुधारणा आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण गडचिरोली किंवा नंदुरबारच्या माणसाला मुंबईही जवळ नाही. आणि पैशापेक्षा मोठी जोखीम वेगळीच आहे: आयुष्यभराची मूळ प्रमाणपत्रे एका अनोळखी माणसाच्या हवाली करायची आणि त्याची पावती म्हणून एक फोन नंबर घ्यायचा. शहरातल्या मध्यमवर्गीयाला ओळखीपाळखीने विश्वासाचा माणूस मिळतो, म्हणून त्याला हा प्रश्न दिसत नाही.

याच अज्ञानावर आणखी एक कमाई होते. अमेरिका, ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांना प्रवेशासाठी अपोस्टिल लागत नाही, त्यांना मूळ विद्यापीठाकडून थेट आलेली गुणपत्रके हवी असतात. तरीही पालकांच्या मनात भीती घालून दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रे अपोस्टिल करून दिली जातात. ज्यांना परदेशी सरकारांच्या मागणीची एवढी काळजी आहे, त्यांनी या न मागितलेल्या शिक्क्यांबद्दलही एकदा बोलावे.

खरी गुंतागुंत गावच्या दाखल्यांत आहे, आणि तिथे शिक्क्यांचे समर्थक कधीच पोहोचत नाहीत. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला मराठीत, हाताने लिहिलेला असतो, कित्येकदा त्यात बाळाचे नावच नसते, फक्त बापाचे नाव आणि 'पुरुष' किंवा 'स्त्री' एवढेच. ज्या ग्रामसेवकाने सही केली तो केव्हाच निवृत्त झालेला. त्याच्या सहीचा नमुना वरच्या कचेरीत नाही म्हणून दाखला परत येतो. बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पासपोर्टवर नाव आधी, लग्नानंतर बाईचे आडनाव बदललेले. मग एकाच व्यक्तीची ही दोन नावे आहेत असे प्रतिज्ञापत्र, त्यावर पुन्हा नोटरी. या प्रत्येक फाट्यावर कोणी मूळ जन्मनोंदवही उघडून पाहत नाही. ती पंचायतीच्या किंवा तालुक्याच्या कपाटात तशीच असते. ती उघडली तर प्रश्न दहा मिनिटांत सुटेल. गोव्यातही तीच गोष्ट आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांच्या पुढच्या पिढ्या पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला कागद पाठवतात, तेव्हा सगळे अवलंबून असते ते पोर्तुगीजमध्ये हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदीवर. सत्य त्या वहीत आहे. उताऱ्यावरचे अपोस्टिल एवढेच सांगते की उतारा देणाऱ्याची सही खरी आहे.

"आता सगळे ऑनलाइन झाले आहे, तक्रार जुनी झाली" असेही ऐकवले जाते. २०१७ साली परराष्ट्र मंत्रालयाची ई-सनद ही ऑनलाइन प्रमाणनाची सेवा सुरू झाली, सुरुवातीला सीबीएसईच्या प्रमाणपत्रांसाठी. कल्पना अगदी योग्य होती: ज्याने कागद दिला त्याच्याच दप्तरातून तो पडताळायचा, माणसाने आणि टपालाने फिरायचे नाही. डिजिलॉकरही त्याच दिशेचे पाऊल आहे. पण एखादे प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये असले म्हणून अपोस्टिलसाठी त्याची छापील प्रत काढून शिक्के मारायला लावले जात असतील, तर तंत्रज्ञान आले आणि साखळी जागच्या जागी राहिली एवढाच त्याचा अर्थ. कोलंबिया, न्यूझीलंड यांसारखे देश इलेक्ट्रॉनिक अपोस्टिल देतात, हेग परिषदेने त्यासाठीचा कार्यक्रम २००६ सालीच सुरू केला. आपल्याकडचे तंत्रज्ञ जगाला अशा व्यवस्था बांधून देतात. अडचण तंत्राची नाही, मधल्या पायऱ्यांवरचे टेबल सोडायला कोणी तयार नाही.

आणि आपला देश स्वतः दुसऱ्यांच्या अपोस्टिलला किती मान देतो, हेही पाहू. अमेरिकेत राहणारी मुलगी पुण्यातल्या आजारी आईचा फ्लॅट विकण्यासाठी मुखत्यारपत्र पाठवते. तिथल्या नोटरीसमोर सही, त्यावर अपोस्टिल, सगळे करारानुसार. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्याप्रमाणे ते राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करायचे, तेही केले. तरी माझ्या नात्यातल्या अशाच एका बाईंना एका बँकेने ऐकवले, "आम्हाला भारतीय दूतावासाचाच शिक्का लागतो." म्हणजे पुन्हा दूतावासाची तारीख, पुन्हा विमानाने दुसऱ्या शहरात, आणि इकडे आई रुग्णालयात. ज्या कराराचा लाभ आपण परदेशात मागतो, तो आपल्याच बँकेच्या शाखेत आणि आपल्याच निबंधक कार्यालयात कोणी वाचलेला नसावा, हे मला शरमेचे वाटते.

बनावट कागद रोखायचे असतील तर कडकपणा हवाच, पण तो मुळाशी हवा. विद्यापीठ, बोर्ड, महापालिका, ग्रामपंचायत यांनी आपण दिलेल्या प्रत्येक कागदाची पडताळणी स्वतः करावी, ठरलेल्या मुदतीत करावी, आणि चुकीची दिली तर संबंधित अधिकाऱ्याला जबाबदार धरावे. तशी पडताळणी झालेल्या कागदाला नोटरी नको, मंत्रालयाचा शिक्का नको, थेट अपोस्टिल मिळावे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात एक खिडकी उघडावी, तिथे मूळ कागद दाखवून नागरिकाने तो लगेच परत न्यावा आणि पडताळणी कार्यालयांनी आपसांत करावी. ग्रामसेवकांच्या सह्यांचे नमुने आणि जुन्या जन्मनोंदवह्यांची छायाचित्रे तालुका पातळीवर एकत्र ठेवावीत, म्हणजे निवृत्त माणसाच्या सहीपायी दाखला परत येणार नाही. किती फी, किती दिवस आणि कोणत्या देशाला काय लागत नाही, हा फलक प्रत्येक पंचायत समितीत मराठीत लावावा. निबंधक कार्यालयांना परदेशी अपोस्टिल मान्य करण्याचे स्पष्ट परिपत्रक राज्याने काढावे, बँकांसाठी ते काम रिझर्व्ह बँकेने करावे. यातल्या कशालाच हेगची परवानगी लागत नाही आणि बहुतेक गोष्टींना नवा कायदाही लागत नाही. राज्याच्या मुख्य सचिवांनी मनावर घेतले तर यातले निम्मे काम याच आर्थिक वर्षात सुरू होऊ शकते.